पिशवीतली हवा

कामठीच्या आनंदरावनं उभी जिंदगी लोकायच्या वरातीत बॅगपाइप वाजवला. घरी त्यानं पिशवी फुगवली रे फुगवली, का त्याची बायको सिंधूताई सयपाकघरातून ओरडे, "झालं का जी सुरू तुमचं बकरं?"

यंदा गिटारवाल्या पोट्ट्यायनं त्याच्या नावानं अल्बम काढाचं ठरवलं, अन् त्याले हुडकेश्वरच्या स्टुडिओत नेलं. रेकॉर्डिंग करणाऱ्या पायलनं दार लावलं, सगळ्यायले चूप केलं. आनंदरावनं पिशवी फुगवली, जराशी वाट पाहिली, अन् हवा सोडून देली. पुन्हा फुगवली, पुन्हा सोडली.

"काहून काका, थकले का?" पायलनं इचारलं.



"नाही वं पोरी. सिंधू गेल्यापासून पहिल्यांदाच वाजवून राहिलो. 'झालं का सुरू तुमचं बकरं' म्हणून कोणीतरी ओरडा ना माह्यावर."