राबावरची माती

"मागे कोण बोललं?" पारसनीस मॅडमनी विचारलं.

रत्नदीपनं लॅपटॉपचा पडदा थोडा खाली ओढला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. पाठीमागे टांगलेली चादर बाजूला सारून त्याची आई, गीताबाई, ओटीवर आली होती. सकाळपासून शेतात राब, म्हणजे भाताचं रोप पेरायची जागा, भाजून ती नुकतीच घरी परतली होती. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हात कोपरापर्यंत राखेनं माखलेले. सिद्धगडाच्या पायथ्याच्या त्या घरात रेंज फक्त ओटीवर यायची. नाहीतर हा पठ्ठ्या माळ्यावर जाऊन बसला असता.

मुलाखत चालू होती. पारसनीस मॅडमच्या ठाण्यातल्या विज्ञान केंद्राला कॉम्प्युटरवरचा रॉकेटचा खेळ शिकवणारा माणूस हवा होता. त्या खेळात रॉकेट आपणच जोडायचं आणि आपणच उडवायचं. केंद्राची अट एकच होती. फक्त घन इंधनावर, म्हणजे दिवाळीतल्या बाणासारख्या ठासून भरलेल्या नळ्यांवर, यान पृथ्वीभोवती फिरवून दाखवा. ही नळी एकदा पेटली की संपेपर्यंत पेटलेलीच. मध्येच थांबवता येत नाही, जोर कमी-जास्त करता येत नाही. पन्नास जणांत ते एकट्या रत्नदीपला जमलं होतं. बीएस्सी होऊन दोन वर्षं घरी बसलेल्या पोराला पहिल्यांदाच कुणीतरी नोकरीसाठी बोलावलं होतं.

आता जमलं कसं, तेही सांगायला हवं. महिनाभर तो नुसत्या नळ्या वाढवत होता. चाराच्या आठ केल्या, आठाच्या सोळा. रॉकेट सुसाट सुटायचं आणि वर जाता जाता फुटायचं. एका दुपारी आई मागे तांदूळ निवडत बसली होती. तिला राहवलं नाही.

"एवढा भडका कशाला करतो रे? राबाला आमी शेण, पाला, गवत रचतो, वर माती टाकतो आन् मंग पेटवतो. आग दबून राहते, सावकाश जळते. जे करायचं ते पेटवायच्या आदी. मागनं माती घेऊन धावलं तर हातच भाजायचे."

"तुला काय कळतंय त्यातलं?" तो म्हणाला.

ती उठून पाण्याला गेली. त्यानं लगेच सगळ्या नळ्यांचा जोर उडवण्याआधीच कमी करून ठेवला. रॉकेट सावकाश चढलं, जळत राहिलं आणि पृथ्वीभोवती फिरू लागलं. आईला त्यानं सांगितलंसुद्धा नाही.

आणि आज मॅडमनी सुरुवातीलाच त्याचा अर्ज मोठ्यानं वाचला होता. रत्नदीप गीताबाई महादू रोकडे. नव्या पद्धतीप्रमाणे आईचं नाव बापाच्या आधी. पत्ता कल्याणचा. आईचा व्यवसाय, शिक्षिका. पत्ताही खोटा, शिक्षिकाही खोटी. चार दिवस गावच्या घरी आलोय, असं वर त्यानं सांगून टाकलं. चादरीमागे उभी राहून आई ते सगळं ऐकत होती.

मग मॅडमनी नेमकं विचारलं, "जोर चाळीस टक्केच का ठेवलात?"

"आकडेमोड केली, मॅडम."

"दाखवा बरं."

रत्नदीप उगाच माऊस फिरवू लागला. जोर कमी ठेवलाय म्हटल्यावर आईला मात्र कळलं, आणि पोरगं अडकलेलं तिला बघवेना. ती बाहेर आली नि म्हणाली, "राबावर माती टाकतात ना, तसं केलंय त्यानं."

त्यावर मॅडमनी विचारलं होतं, मागे कोण बोललं म्हणून.

"ती... आमच्याकडे कामाला येते," रत्नदीप म्हणाला. "गावचीच बाई आहे."

बोलला आणि त्याची त्यालाच शिसारी आली. मागे वळून बघायची हिंमत होईना.

"काकू, पुढे या ना. नाव काय तुमचं?"

गीताबाई पदराला हात पुसत पुढे आली आणि त्याच्या बाजूला खाली बसली. तिचं नाव मॅडमच्या हातातल्या अर्जावर होतं. तिनं पोराकडे एकदा बघितलं.

"धोंडीबाई," ती म्हणाली. धोंडीबाई म्हणजे शेजारच्या घरातली.

"किती वर्षं आहात यांच्याकडे?"

"लय झाली. ह्यो जन्मला तवापासून."

"यांच्या आई नाहीत का घरी?"

"त्या बाई कल्याणला हायेत. शाळा असते त्यांना."

आता सांगावं, असं रत्नदीपला वाटलं. ही माझी आई आहे. चार शब्दांचं तर काम. त्यानं तोंड उघडलं, पण पडद्यावर मॅडमचा चेहरा खुलला होता.

"रत्नदीप, मला तुमचं हे फार आवडलं. घरी कामाला येणाऱ्या बाईकडूनही शिकणारा माणूस. असाच शिक्षक हवा आम्हाला. एक तारखेपासून या. आणि तुमचं रॉकेट आम्ही केंद्राच्या भिंतीवर लावणार आहोत. त्याला यांचंच नाव द्या. आजच पाठवा."

पडदा बंद झाला. रत्नदीपनं उघडलेलं तोंड मिटलं. ज्या नोकरीसाठी दोन वर्षं वाट बघितली ती हातात आली होती आणि आपण जमिनीत गडप व्हावं असं त्याला वाटत होतं. खेळात रॉकेटच्या नावाचा रकाना रिकामा दिसत होता. कीबोर्डवर ठेवलेली बोटं हलेनात.

"आई," तो म्हणाला.

गीताबाई सरकून जवळ आली. राखेचा हात लागू नये म्हणून तिनं तो मागे धरला आणि पडद्याकडे निरखून बघितलं.

"लिव्ह ना, थांबलास का? नीट लिव्ह हां. धोंडीबाईला दाखवीन मी. बिचारीचं नाव कुठं लागलंय कधी?"