तारांची चरचर

"काका, अजून चरचरतोय."

स्टुडिओच्या काचेपलीकडे बसलेल्या रेकॉर्डिंगवालीचा आवाज त्याच्या हेडफोनमधून आला. ड्रम लावणाऱ्याने मान डोलावली आणि ड्रमचे स्क्रू पिळायची चावी पुन्हा हातात घेतली.

छोट्या टॉम ड्रमवर काठी पडली की शेजारचा स्नेअर ड्रम, त्याला कोणी विचारलेलं नसताना, पोटाखालच्या तारा थरथरवून मध्येच तोंड घालतो. ही त्याची जुनी खोड. दोघांचे सूर फार जवळ आले की हे होणारच. टॉम किंचित चढवायचा, नाहीतर स्नेअरच्या तारांलगतचे स्क्रू जरा सैल करायचे. दहा मिनिटांचं काम. पस्तीस वर्षं तो हेच करत आला होता. आज पाऊण तास झाला होता आणि दहा वाजता वादक मंडळी येणार होती.

त्याने टॉमवर काठी मारली. आवाज गोल, भरीव निघाला आणि विरून गेला. त्याच्यामागे काहीच नव्हतं. त्याला तरी काही ऐकू आलं नाही.

बारीक, वरचे आवाज आधी जातात, हे त्याला माहीत होतं. तीन महिन्यांपूर्वी दाराची बेल बिघडली म्हणून त्याने इलेक्ट्रिशियनला बोलावलं होतं. त्याने चारदा बटण दाबलं, बेलकडे पाहिलं, मग याच्याकडे पाहिलं, "वाजतेय की," म्हणाला आणि आपली पिशवी उचलली. ही गोष्ट ड्रम लावणाऱ्याने आजवर कोणालाच सांगितली नव्हती. कान गेलेला ड्रम लावणारा म्हणजे घरी बसलेला ड्रम लावणारा.

तो गुडघ्यांवर बसला. डावा हात स्नेअरखाली घालून बोटाचं टोक तारांवर टेकवलं आणि उजव्या हाताने टॉमवर काठी मारली. बोटाला काहीच जाणवलं नाही. पुन्हा मारली. तारा गप्प.

"गेली चरचर!" तो माइककडे तोंड करून म्हणाला. आवाजात जरा जास्तच आनंद होता.

तिने काचेतून त्याच्या बोटाकडे पाहिलं.

"काका, बोट काढून मारा ना."

त्याने जीभ चावली. तारांना बोट लागलं की त्या गप्पच बसणार, हे पहिल्या आठवड्यात शिकणाऱ्यालाही कळतं. त्याने हात बाहेर घेतला, काठी मारली आणि काचेतून तिच्या तोंडाकडे बघत राहिला. निकालाच्या दिवशी मुलं मास्तरांकडे बघतात तसा.

"आता आहे की नाही?" तिने विचारलं.

"नाही. आता नाही."

तिने हेडफोन काढून ठेवले. जाड दार ढकलून ती आत आली आणि त्याच्याजवळ उकिडवी बसली.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

तिने बोटाने स्वतःच्या कानाकडे दाखवलं. तिच्याशी खोटं बोलायलाही त्याच्यात बळ उरलं नव्हतं.

"कोणाला सांगू नकोस, पोरी," तो म्हणाला. "मला दुसरं काही येत नाही."

ती उठली. दाराशी जाऊन थांबली.

"तुम्ही चावी फिरवा. चरचर असेल तोवर माझा हात वर. कळलं?"

मग पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच त्याने डोळ्यांनी ड्रम लावला. टॉमचा एकेक स्क्रू पाव फेरा, मग काठी, मग काचेकडे नजर. हात वर. पुन्हा पाव फेरा. हात वरच. टॉमचा सूर चढलेला त्याला नीट कळत होता, तेवढे कान शाबूत होते. त्यापुढे मात्र ती सांगेल ते खरं. चौथ्या खेपेला तिचा हात थोडा खाली आला. त्याने स्नेअरखालचे दोन स्क्रू जरासे सैल केले आणि काठी मारली. हात पूर्ण खाली गेला.

"गेली, काका," ती म्हणाली. विश्वास ठेवण्यावाचून इलाज नव्हता.

दहाला मंडळी आली. खोली एकदम माणसांनी, बॅगांनी आणि थट्टामस्करीने भरली. ढोल्या म्हणून ज्याला सगळे चिडवायचे तो ड्रमवाला स्टुलावर बसला, छोटा टॉम वाजवला, कान देऊन शेवटपर्यंत ऐकला. पुन्हा वाजवला.

"क्या बात है, मास्तर! एक केस इकडचा तिकडे नाही. तुमच्या कानांचा विमा उतरवायला पाहिजे."

सगळे हसले. काचेपलीकडे रेकॉर्डिंगवाली खाली वाकून कसली तरी वायर शोधत होती. बराच वेळ तिला ती सापडत नव्हती.

"ऐका, मास्तर," ढोल्या म्हणाला, "पुढच्या महिन्यात आमचा दौरा आहे. चाळीस गावं, रोज नवीन हॉल. तुम्ही सकाळीच पुढे जायचं, एकट्याने सेट लावून ठेवायचा. आम्ही आलो की सरळ वाजवायला बसणार. दुसऱ्या कोणावर माझा भरवसा नाही. येताय ना?"

असं कोणीतरी विचारावं म्हणून त्याने अर्धं आयुष्य वाट पाहिली होती. चाळीस हॉल. चाळीस सकाळी. समोर रिकाम्या खुर्च्या, हात वर करणारं कोणी नाही.

त्याने चावी फडक्याने पुसली. पुसायची गरज नव्हती.

"घरी विचारून सांगतो," तो म्हणाला.

"घरी?" ढोल्याला हसू आवरेना. "अहो मास्तर, तुमच्या घरी विचारायला आहे कोण?"

पुन्हा हशा पिकला. तोही हसला.

"तरी विचारतो," तो म्हणाला.