कुठला पाय

स्टेडियमच्या पोटातल्या उपचारांच्या खोलीत दोन टेबलं होती आणि आज दोन्ही भरली होती. एकावर गोंद पडला होता, दुसऱ्यावर आजोबा. फुटबॉलची मॅच नुकतीच संपली होती. डोक्यावरच्या पायऱ्यांवरून हजारो पावलं खाली उतरत होती आणि त्या धडधडीने छताचा दिवा थरथरत होता.

गोंद म्हणजे संघाचा नवा डिफेंडर, मिसरूड फुटल्याला फार दिवस न झालेला. समोरच्याला एकदा चिकटला की सुटत नाही, म्हणून हे नाव. आज मात्र त्याच्याहून लहान, कडेने पळणाऱ्या एका विंगरने त्याची पार दैना केली. शेवटी तर त्या पोराने बॉल गोंदच्या दोन पायांमधून काढून नेला. गोल झाला, त्याचं एवढं नाही. पण आपलेच प्रेक्षक खो खो हसले. ते हसणं कानावर पडलं आणि गोंद उजवी मांडी धरून मटकन खाली बसला. मांडीला काहीही झालं नव्हतं.

मग त्याच्या जागी बाकावरच्या आजोबांना उतरावं लागलं. आजोबा म्हणजे चौतीस वर्षांचे. या खेळात त्या वयाला दुसरं काय म्हणणार! त्यांचा गुडघा कधीचाच कुरकुरत होता. अंग तापवल्याशिवाय मैदानात पाऊल टाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण गोंद असा अवचित बसला की अंग तापवायला सवड कुठली? त्यांनी जॅकेट भिरकावलं, पळत गेले आणि पहिल्याच वळणावर कोसळले. कोणी धक्कासुद्धा लावला नव्हता.

आता त्यांचा गुडघा पावासारखा टम्म फुगला होता.

"हलवू नका," फिजिओ म्हणाला.

"हलवायला उरलंय काय त्यात?" आजोबा म्हणाले. मग छताकडे बघत हळूच पुटपुटले, "एवढा हंगाम निघाला असता तर बरं झालं असतं. पोरीला शेवटची मॅच दाखवायची होती."

गोंदने मान दुसरीकडे वळवली. फिजिओ हात धुवायला नळाकडे गेला, तेवढ्यात उशाशी ठेवलेला फोन वाजला. आई होती. गोंदची आई फोनवर बोलायची ती शेजारच्या घरालाही ऐकू जावं अशा आवाजात.

"अरे, किती लागलंय रे? मी तर टीव्हीसमोरून उठूनच गेले. आणि आधी मला सांग, कुठला पाय? इथे तुझ्या बाबांचं नि माझं जुंपलंय. मी म्हणते उजवा, तू उजवी मांडी धरलेली मी या डोळ्यांनी बघितली. हे म्हणतात डावा, बाहेर जाताना डावा ओढत होता."

तोंड लपवून मैदानाबाहेर पडायच्या नादात लंगडायचं कुठल्या पायाने, याचं गोंदला भानच राहिलं नव्हतं. बाबा बरोबर होते. आईही बरोबर होती.

"आई, मी नंतर करतो."

"नंतर नको! सांग, म्हणजे हे जेवायला तरी बसतील."

त्याने फोन बंद केला. नळ वाहत होता. फिजिओने काही ऐकलं नसावं. आजोबांनी मात्र मान वळवली होती. त्यांनी गोंदच्या डाव्या पायाकडे बघितलं, मग उजव्या, मग तोंडाकडे. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं गोंदला झालं. शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं. पण ते नुसतेच बघत राहिले.

दार ढकलून कोच आत आले. आजोबांच्या गुडघ्यावर एक नजर टाकून त्यांनी ओठ आवळले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मग ते गोंदकडे वळले.

"तुझं काय? कुठला पाय?"

'कुठलाच नाही.' शब्द गोंदच्या ओठांपर्यंत आले. ते बाहेर पडले असते तर त्याचा खेळ याच टेबलावर संपला असता. कोच चुकलेल्याला माफ करत, अंग काढून घेणाऱ्याला कधीच नाही. हे संघातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. गोंद कोचच्या बुटांकडे बघत राहिला.

"अरे, तुझा पाय विचारतोय, माझा नाही."

"उजवा," आजोबा म्हणाले. "मी बाकावरून बघत होतो ना. मांडी भरली बिचाऱ्याची."

"आठवडाभर आराम कर मग," म्हणून कोच निघून गेले. फिजिओने बर्फाची पिशवी आणून गोंदच्या उजव्या मांडीवर करकचून बांधली आणि आजोबांसाठी स्ट्रेचर आणायला तो बाहेर पडला. धडधाकट मांडीला बर्फ चावत होता. गोंदला ती पिशवी काढून फेकावीशी वाटली, पण हात उचलेना. आपण किती हलके आहोत, हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा इतकं स्वच्छ दिसत होतं.

"आजोबा, मी..."

आजोबांनी हात वर करून त्याला थांबवलं. त्यांचे डोळे मिटलेले होते. कळ मारत असावी, कारण बोलायच्या आधी त्यांनी दोनदा श्वास घेतला. आवाजात राग औषधालाही नव्हता.

"बाहेर पत्रकार उभे असतील," ते म्हणाले. "या वेळी उजवा ओढ."