ऑपरेशनआधीची पंगत

रुखमाबाईंनी दुसरी पुरणपोळी सुनेच्या ताटात टाकली तेव्हा गोपिकाने हात आडवा धरला.

"नको आत्याबाई. साखर वाढते. चार वाजता तपासायची आहे."

"एका दिवसानं काही होत नाही," सासूबाई म्हणाल्या आणि तिच्या बोटांच्या फटीतून तुपाची धार सोडली.

रविवारची दुपार होती. संध्याकाळी पाचला गोपिकाला धरमपेठेतल्या एका दवाखान्यात भरती व्हायचं होतं. दुसऱ्या दिवशी मुंबईचे सर्जन तिचं जठर टाके घालून लहान करणार होते. खाणं कमी होईल, वजन उतरेल आणि वजनाबरोबर साखरही. हे सर्जन वर्षातून एकदाच, दोन दिवसांसाठी येत. तिच्या डाव्या पायाच्या अंगठ्याची जखम आठ महिने भरत नव्हती. यंदा ऑपरेशन झालं नाही तर पुढच्या वर्षी पाय शाबूत राहील याची खात्री नाही, असं इथल्या डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला, मधुसूदनला, तिच्यासमोरच सांगून टाकलं होतं. अट एकच. निघण्याआधी घरी लघवी तपासायची. नळीतलं निळं औषध निळं किंवा हिरवं राहिलं तर या. विटकरी झालं तर येऊ नका, तुमची खाट दुसऱ्या पेशंटला देऊ.

तीन महिन्यांत तिने अकरा किलो उतरवले होते. ते काही हवा खाऊन उतरले नव्हते. घरातल्या सगळ्यांची जेवणं उरकली की ती स्वतःपुरता दुधी उकडायची. एकटीसाठी वेगळा गॅस जाळते, हे शेजारच्या खोलीतून ऐकत ऐकत तो मीठ घालून गिळायची. या काळात तिच्यासाठी बिनतेलाची भाजी करावी असं घरात कुणाला एकदाही सुचलं नव्हतं. तिच्या जाड अंगावरून पाहुण्यांना हसवणं मात्र सगळ्यांना बरोबर सुचायचं.

आणि आज त्याच घराने गोळाभात केला होता, पाटवडीचा रस्सा केला होता, पुरण शिजवलं होतं. नणंद भागीरथा सकाळच्या एसटीने सावनेरहून मुद्दाम आली होती. मायलेकी तिच्या दोन्ही बाजूंना बसल्या होत्या आणि ताट रिकामं होऊ देत नव्हत्या.

"उद्यापासून तुले दोनच घास जातीन म्हणतात," रुखमाबाई म्हणाल्या. "मंग हे कवा खाशील वं?" त्यांनी पोळीचा तुकडा मोडला, तुपात बुडवला आणि तिच्या तोंडाशी धरला. डोळे भरून आले होते.

गोपिकाला सगळं कळत होतं. घड्याळ समोरच्या भिंतीवर होतं. तीन महिन्यांची भूक तर पोटात होतीच, पण भुकेला कसं परतवायचं ते ती शिकली होती. या हाताला परतवायला मात्र तिला कुणी शिकवलं नव्हतं. लग्न होऊन पंधरा वर्षं झाली, सासूने तिला कधी घास भरवला नव्हता. तिने तोंड उघडलं.

मग ती जेवली. दुसरी पोळी खाल्ली, तिसरीही खाल्ली. मधुसूदन एकदाच "आई, पुरे" म्हणाला, तेही स्वतःच्या ताटात बघत. हात धुऊन गोपिका भिंतीला टेकून बसली. तिला बरं वाटत होतं. लाज वाटावी इतकं बरं वाटत होतं.

"चांगलं केलं तू आई," भागीरथा सुपारी कातरत म्हणाली. आवाज कमी करायची तिला गरज वाटली नाही. "आमच्या मोठ्या जावेले उपाशीच नेलं दवाखान्यात. टेबलावरच गेली. खाण्यात जीव राहिला तिचा. दहाव्याले दुपार झाली, पण कावळा काही शिवला नाही."

"म्हणून तं," रुखमाबाई म्हणाल्या. "इचं मन कशात राहाले नको. नाही तं मांगून घराले तरास."

गोपिका त्या दोघींकडे पाहत राहिली. मग गुडघ्यावर हात देऊन उठली आणि स्वयंपाकघरात गेली.

चार वाजले होते. तिने काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकले आणि नळी गॅसवर धरली. निळ्याचं हिरवं झालं. ते हिरव्यावर थांबलं नाही. पिवळं झालं, मग नळीच्या तळाशी विटकरी गाळ बसला.

मधुसूदन दारात उभा होता. "अजून एकदा करून पाह्य."

तिने पुन्हा केलं. पुन्हा तेच. तो चपला घालून शेजाऱ्यांकडून दवाखान्याला फोन करायला गेला.

काय झालं ते रुखमाबाईंना कळायला जरा वेळ लागला. कळल्यावर त्यांनी हात जोडले. "वाचली बाई. देवच पावला."

"मी मरणार असं वाटत होतं तुमाले?" गोपिकाने विचारलं.

"पोट फाडून राहिले म्हटल्यावर काय वाटीन वं माणसाले?"

"आन् मी जगीन असं वाटलं असतं तं? तं आज काय वाढलं असतं मले?"

रुखमाबाईंना या प्रश्नात विचारण्यासारखं काही दिसलं नाही. उरलेल्या पाटवड्या डब्यात भरता भरता त्या म्हणाल्या, "जगणाऱ्याले काय वाढतात वं? रोजचंच."