तळघराच्या दारावर

वसंत सरत आला की कॅन्ससच्या त्या सपाट मुलखात दुपारीच आभाळ हिरवट पडतं आणि वादळाच्या इशाऱ्याचा भोंगा वाजतो. ज्याला तळघर नाही, तो शेजाऱ्याच्या तळघराकडे धावतो. तिथे कुणी कुणाला नाही म्हणत नाही.

एल्डनने कडी घातली, तेव्हा वर चक्रीवादळ इतकं गर्जत होतं, की खेटून बसलेल्या बायकोशी, व्हर्नाशीही ओरडूनच बोलावं लागत होतं.

दारावर थाप पडली. "एल्डन, मी एमिल. उघड रे."

एमिल म्हणजे पलीकडच्या शेतावरचा एकटा म्हातारा.

"आला एकदाचा! स्वतःच्या लग्नालाही उशिराच गेला असता हा," व्हर्ना ओरडली. "अरे उघड ना, मरेल तो!"

एल्डनचा हात कडीवर थबकला. एमिल ओरडत नव्हता. कानाशी बोलावं तसं हळू बोलत होता, आणि शब्द न् शब्द ऐकू येत होता.

एल्डन दाराला तोंड लावून पुटपुटला. व्हर्नालाही ते ऐकू गेलं नाही. "एवढ्या वाऱ्यात उभा कसा राहिलास, एमिल?"

"वारा?" पलीकडून लगेच उत्तर आलं. "कसला वारा?"