मोजणारं माणूस

भूगोलाच्या खोलीतल्या लांब टेबलावर समुद्राचा नकाशा पसरला होता. तो सारखा गुंडाळला जात होता, म्हणून शाळेच्या ग्रंथपाल बाईंनी एका कोपऱ्यावर शब्दकोश, दुसऱ्यावर चहाचा कप आणि तिसऱ्यावर स्वतःचं कोपर ठेवलं होतं. चौथा कोपरा शिट्टीबाईंनी धरला होता. त्या खेळाच्या शिक्षिका. हे नाव मुलांनी पाडलेलं, पण आता शिक्षकांच्या खोलीतही तेच चालायचं.

"सगळा फॉर्म भरलास आणि पहिलीच ओळ कोरी," शिट्टीबाई म्हणाल्या. "सहलप्रमुख कोण?"

"मोठ्या बाई ठरवतील. मी आखून देते म्हटलं होतं. येते म्हटलं नव्हतं."

"त्यांचं ठरलंय. पाच वाजेपर्यंत नाव आलं नाही तर सहल रद्द. आणि ऐंशी पोरांना ते सांगायला मला पाठवणार."

"मग तुझं नाव घाल."

"माझं? मला बागेतल्या तळ्यात बोट लागते."

ग्रंथपाल हसली नाही, पण तिचं कोपर जरा सैल पडलं.

शेजारी पडलेली सहलीची फाईल तिच्या वडिलांची होती. भूगोलाचे सर म्हणून बावीस वर्षं ते दर वर्षी मुलांना त्या बेटावर घेऊन जात. ते गेले त्याला चार महिने झाले होते. पानांच्या कडेला त्यांच्या पेन्सिलीच्या सूचना होत्या. 'टोपी विसरणाऱ्यांसाठी दहा टोप्या जास्त.' 'नारळाच्या झाडाखाली कुणी बसायचं नाही, फोटोसाठीसुद्धा.' 'बोट लागणारी मुलं मागे. आपल्याला लागत नाही म्हणणारी त्यांच्याही मागे.' तिने सगळं टाईप केलं होतं. भरती-ओहोटीच्या वेळा यंदाच्या घातल्या होत्या, पोहता न येणाऱ्यांची नावं वेगळी काढली होती. एकच काम ती आठवडाभर टाळत आली होती. बोटवाल्याला फोन करायचं.

"लाव आता," शिट्टीबाई म्हणाल्या. "माणूस चावत नाही."

तिने लावला. पलीकडे इंजिन धडधडत होतं. शाळेचं नाव ऐकताच आवाज मोठा झाला. "बोला, बोला! मी म्हणतच होतो, यंदा सरांचा फोन कसा नाही. तुम्ही कोण?"

"मी त्यांची मुलगी." मग ती घाईघाईने म्हणाली, "आकडा लिहून घेता? ऐंशी मुलं, चार मोठी माणसं. चौऱ्याऐंशी."

"म्हणजे पंच्याऐंशी."

"नाही. चौऱ्याऐंशी."

"अहो ताई, सरांचा आकडा मला नवा नाही. बावीस वर्षं एक लाइफ जॅकेट कमी. धक्क्यावर पोरांना एकेक करून घालणार, पट्टे स्वतः तपासणार, आणि शेवटी हात हलवत उभे. म्हणजे यांनाच नाही. दर वर्षी मी म्हणायचो, सर, भूगोल शिकवता, गणिताला कोण होतं? ते म्हणायचे, सगळी बरोबर आहेत, मी तीनदा मोजलीत." तो हसला. "म्हणून मी आपला एक जास्तच धरतो."

हे तिला माहीत नव्हतं. बेटावरून आले की बाबा शंख दाखवायचे, उन्हाने सोललेलं नाक दाखवायचे. हे कधी सांगितलं नव्हतं.

"यंदा खरंच चौऱ्याऐंशी," ती म्हणाली. "बाबा गेले. चार महिने झाले."

इंजिन बंद झालं. नुसतं पाणी ऐकू येत राहिलं, लाकडावर आपटणारं. शिट्टीबाई नकाशाकडे बघत होत्या.

"मला कुणी कळवलंच नाही," तो म्हणाला.

"मीच कळवणार होते. जमलं नाही."

"असू दे. हे चौऱ्याऐंशी मोजले कुणी?"

"मी."

"यादी समोर धरून?"

"हो. तीनदा."

"मग बरोबर. मोजणारं माणूस मोजायचं राहतंच, ताई."

तिने यादीवर नजर टाकली. ऐंशी मुलं. शास्त्राचे सर, चित्रकलेच्या बाई, शाळेची नर्स, आणि शिट्टीबाई, ज्यांना बोट लागते. आपण येत नाही, हे सांगायला तिने तोंड उघडलं.

"सरांचं जॅकेट वेगळं आहे," तो आधीच बोलू लागला होता. "बाकीच्यांवर नंबर आहेत, त्यावर नाही. उन्हाने पार पांढरं पडलंय. मुलगा टाकून देऊ म्हणतो. मी म्हटलं, राहू दे, सर येतील."

तिने कोपर उचललं. नकाशाचा कोपरा सरकन गुंडाळला गेला आणि शिट्टीबाईंनी तो मुकाट्याने पुन्हा धरला. फॉर्म जवळ ओढून ती पहिल्या ओळीकडे बघत राहिली.

"ते मला मोठं होईल," ती म्हणाली.

"पट्टे असतात की. आवळले की बसतं."