बिनहाताचा गडी

अंतिम फेरीचा पुकारा झाला आणि नेमका त्याच वेळी रोबोटचा हात खांद्यातून निखळून पडला.

दहावीच्या तीन मुलांनी वर्षभर खपून तो रोबोट बनवला होता. मैदानातले ठोकळे उचलायचे आणि आपल्या चौकोनात नेऊन ठेवायचे, एवढंच त्याचं काम. पण ते सगळं हाताच्याच जोरावर. कप्तान मटकन खाली बसला. एरवी त्याच्या तोंडाचा पट्टा चालू असायचा, म्हणून वर्गात त्याचं नाव पोपट. आज पोपट नुसता तो निखळलेला हात उलटसुलट करून बघत राहिला.

तिघांनी विज्ञानाच्या बाईंकडे पाहिलं. शिक्षकांनी मैदानाभोवतीची पिवळी पट्टी ओलांडायची नाही, असा नियम होता. बोलायला मात्र बंदी नव्हती. निखळलेला सांधा तारेने करकचून आवळला तर एवढी फेरी निभावेल, हे बाईंना दिसत होतं. शब्द अगदी ओठांवर आले. पण माझ्या डोक्याने चालणारं यंत्र मला नको, असं त्या स्वतःच मुलांना वर्षभर बजावत आल्या होत्या.

"तुम्हाला काय वाटतं?" त्यांनी विचारलं.

उत्तर दिलं ते गोगलगायीने. संघातली ही मुलगी एरवी चार वेळा विचारल्याशिवाय बोलायची नाही.

"हात काढूनच टाकू. उचलायचं कशाला? ढकलू."

लोक हसतील, पोपट म्हणाला. हसू देत, पण वजन कमी झालं तर हा सुसाट पळेल, असं ती म्हणाली. रोबोट चालवणाऱ्या चष्मिसने तोवर स्क्रू काढायला सुरुवातही केली होती. बाईंना तो शुद्ध वेडेपणा वाटला. त्यांनी जीभ दाताखाली धरली.

समोरच्या संघाचा रोबोट एकेक ठोकळा अलगद उचलत होता. आणि हा बिनहाताचा गडी दावं तोडलेल्या खोंडासारखा उधळला. नाकाने ठोकळे रेटत कोपऱ्यातल्या आपल्या चौकोनात नेऊ लागला. लोक खरंच हसले. मध्येच एक ठोकळा चाकाखाली अडकला, तेव्हा बाईंनी डोळे मिटून घेतले. "मागे घे, मग वळव," गोगलगायीचा आवाज आला, शांत आणि खणखणीत. डोळे उघडले तेव्हा हसणारे लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि चौकोन ठोकळ्यांनी भरला होता.

संघ जिंकला होता. आपली तार टिकली असती का, हे बाईंना आता कधीच कळणार नव्हतं, आणि त्याचं त्यांना काडीचंही दुःख नव्हतं.

बक्षीस समारंभ आटोपल्यावर त्या शाबासकी द्यायला गेल्या. चषक एका बाजूला ठेवून तिघंही जमिनीवर पसरली होती. रोबोट उताणा पडला होता आणि त्याला आता पुढून काय जोडायचं, यावर कडाक्याचं भांडण चाललं होतं. बाई आल्या तरी कुणी भांडण थांबवलं नाही.

मग गोगलगायीने वर न बघताच हात पुढे केला.

"बाई, जरा तो पाना द्या."

बाईंनी वाकून पाना दिला.